माझ्या ओट्यावरची विद्यार्थिनी

मुलांनो, जव्हारच्या आपल्या घराच्या ओट्यावर मोबाईलला रेंज चांगली मिळते, म्हणून जवळच्या पोशेरा गावची एक अंगणवाडी सेविका सुट्टीच्या दिवशी इथे अभ्यासाला येते. ती बी.एस्सी. आहे. चपला भिंतीशी जोडून ठेवते, चहा बशीतूनच पिते आणि प्रत्येक वाक्य "म्हनजे बगा" असे सुरू करते.

डेटा सायन्सच्या ऑनलाइन एम.एस्सी.साठी तिने इंग्रजीत अर्ज लिहिला आणि मला तपासायला दिला. खरे सांगते, मला तिचा हेवा वाटला. माझे बी.ए. इंग्रजी घेऊन झालेले, पण पुढे शिकायला मी कधी अर्जसुद्धा केला नाही. मी तिचा निम्मा मजकूर खोडून डौलदार इंग्रजी लिहिले. तिने ते सावकाश वाचले.

"म्हनजे बगा आजी, बेस हाय. पन माझी पोरां कुठं गेली?"

पावसाळ्यात अंगणवाडीतल्या मुलांची वजने का घटतात, हे तिला आकड्यांतून शोधायचे होते. नेमके तेच मी खोडले होते. तिने स्वतःचाच, चुका असलेला अर्ज पाठवला. प्रवेश मिळाला.

आता ती ओट्यावर लेक्चर ऐकते. मी आत दाराशी बसते आणि ऐकू येईल तेवढे वहीत उतरवते.