डिलन, या बांधावरून त्या बांधावर

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. म्हणजे नाव शोधतात दादा-वहिनी. मी फक्त पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र करायचं आणि बायकांचे धपाटे पाठीत खायचे. यावेळी नाव निघालं डिलन.

वहिनी डोंबिवलीची. तिने मोबाईलवर शोधलेलं. इंग्लंडला चिकटून वेल्स नावाचा देश आहे, तिकडच्या जुन्या भाषेतलं. दादा एकदम खूश. बाबांनी मात्र जेवता जेवता सांगून टाकलं, हेच नाव असंल तर मी बारशाला बसनार नाय.

बाबा ठाण्याच्या कोलशेतचे जुने मिठागरवाले. मिठागरं गेली, तिथे टॉवर आले, त्यातल्याच एकात आम्ही राहतो. पण नाव पारखायची बाबांची पद्धत तीच. मिठागराच्या या बांधावरून मारलेली हाक त्या बांधावर पोचली, तरच ते नाव. मी आणि दादा तसेच पास झालेलो.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी वहिनीचा चेहरा एवढासा झालेला. सासऱ्यांशिवाय बारसं नको, आणि नाव तर मनात बसलेलं. मला म्हणाली, तूच काहीतरी कर.

मला येतात फक्त नकला. सोसायटीच्या सेक्रेटरीची बरी जमते, बाबांची एक नंबर. मी त्यांना घेऊन गच्चीवर गेले. खाली खाडीला भरती लागलेली. मी म्हटलं, त्या भाषेत डिलनचा अर्थ हाच, हे वर चढणारं पाणी. बाबा बघतच राहिले. भरतीचं पाणी आत घेतल्याशिवाय मीठ पिकत नाही, हे मी त्यांना काय शिकवणार.

मग कमरेवर हात ठेवून त्यांच्याच आवाजात हाक मारली.

"मी असा वरडतो?" बाबांनी विचारलं.

"याच्यापेक्षा वाईट."

"शेवट ओढायला लागतो गो बाय. सरक जरा."

आणि कठड्याशी जाऊन त्यांनी हाक दिली, "डिलऽऽऽन." खालचा वॉचमन दचकून वर बघायला लागला. समोरच्या टॉवरमध्ये कोणीतरी गॅलरीत आलं.

"जाते," बाबा म्हणाले.

बारशाला ते पहिल्या खुर्चीत. मी वाकून कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, तर बायका हसायलाच लागल्या. अख्ख्या सोसायटीला ते काल संध्याकाळीच कळलेलं.

आत्याचा मान आजोबांनी खाल्ला. धपाटे तेवढे माझ्याकडे राहिले.