खिडकी आली की खालचं टिंब

आमच्या अर्थशास्त्र विभागात संगणक शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'सेव्हबाई' म्हणत. दर पाच मिनिटांनी त्या टेबलावर पट्टी आपटून ओरडत, "सेव्ह करा!" मूळच्या त्या टायपिंग क्लासमधल्या. बोटं आधी वळली पाहिजेत, डोकं मागून येतं, असा त्यांचा हिशोब. पत्र कसं लिहायचं, तक्ता कसा आखायचा, आकडे क्रमाने कसे लावायचे, हे त्या पाढ्यांसारखं घोकून घेत. अकरा वर्षं त्यांची नोकरी कराराची. दर वर्षी करार संपे, आणि घरी नणंद विचारी, "काय वहिनी, यंदा तरी कायम?"

यंदा खरंच होणार होत्या. शुक्रवारी तीनला बैठक होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तीनशे बारा घरांची पाहणी केली होती: दवाखान्यात चालत जायला किती मिनिटं लागतात आणि वर्षात किती फेऱ्या होतात. खालच्या वस्तीतला दवाखाना ठेवायचा की बंद करायचा, हे आरोग्य खातं त्यावरून ठरवणार होतं. खात्याच्या डॉक्टरीणबाई येणार, काम बघणार, आणि लगेच विभागप्रमुख सेव्हबाईंच्या नेमणुकीचा कागद पुढे पाठवणार, असं ठरलेलं. पाहणी माझ्या देखरेखीखाली झाली होती. अहवालावर सही माझी. पण संगणकाचं आणि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. फाईल मी उघडूनही पाहिली नव्हती.

त्या शुक्रवारी पाऊण वाजता मी डबा उघडतोय तोच बाई दारात. चेहरा पांढराफटक.

"सर, दवाखान्याच्या भिंतीला लागून जे घर आहे, तिथून दवाखान्यात जायला किती वेळ लागेल?"

"अर्धं मिनिट. का?"

"तक्त्यात एक्केचाळीस मिनिटं आहेत."

डबा तसाच ठेवून मी त्यांच्यामागे संगणकाच्या प्रयोगशाळेत गेलो. पडद्यावर मिनिटांचा रकाना अर्धं, एक, दोन, दोन, तीन असा वरून खाली चढत गेलेला. घरांचे क्रमांक आणि फेऱ्या मात्र जागच्या जागी. एकट्या मिनिटांनाच कुणीतरी क्रमाने लावलं होतं, म्हणजे याच्या चपला त्याच्या पायात. आणि त्यावरून आम्ही निष्कर्ष काढला होता की अंतराचा फेऱ्यांशी काही संबंध नाही, दवाखाना बंद केला तरी बिघडत नाही. तो आठवड्यापूर्वीच खात्याकडे गेलाही होता.

"कोणी केलं हे?" माझा आवाज चढला.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कामाला वेगवान म्हणून सगळे तिला 'सुसाट' म्हणत. "मी, सर. मॅडमनी शिकवलं तसंच केलं. खिडकी आली की खालचं टिंब."

बाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

एकच रकाना क्रमाने लावायला गेलं, की पडद्यावर एक खिडकी उघडते आणि विचारते: शेजारचे रकानेही सोबत हलवू, की फक्त हाच? बाईंच्या सरावाच्या तक्त्यात डावीकडे अनुक्रमांक आणि उजवीकडे नावं असत. नावं हलायची, अनुक्रमांक तिथेच राहायचे. म्हणून दुसरा पर्याय, म्हणजे त्याच्यापुढचं खालचं टिंब. अख्खा वर्ग हे एका सुरात म्हणे. खिडकीत काय लिहिलंय ते कोणी वाचतच नसे.

"आणि मग सेव्ह केलंस?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम. लगेच."

जुनी फाईल उरली नव्हती. कागदी फॉर्म मात्र माझ्या कपाटात होते, सगळे उलटसुलट झालेले. मुलांनी जमिनीवर बसून ते लावायला घेतले. सुसाट आकडे वाचू लागली, बाई टाइप करू लागल्या. पडद्याकडे बघायचं नाही, बोटं थांबू द्यायची नाहीत. दीड वाजला, दोन वाजले. दोन फॉर्म सापडेनात. ते माझ्याच वहीत निघाले. 

सव्वादोनला मी वाकून हळूच म्हणालो, "बाई, पोरीच्या हातून चूक झाली म्हणून सांगा. विद्यार्थ्यांना कोण काय म्हणतंय? आज तुमचा कागद आहे."

सुसाटने ऐकलं. पण ती वाचत राहिली.

"दोनशे शहाण्णव किती?" बाईंनी तिला विचारलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तीनला पाच कमी असताना नवा तक्ता छापून निघाला. जे लांब राहत होते ते दवाखान्यात जवळजवळ जातच नव्हते; म्हणजे हा बंद झाला, तर जवळचेही जाणं सोडणार. निष्कर्ष उलटा झाला होता.

बैठकीत बाई उभ्या राहिल्या. हातात पट्टी होतीच. "आधीचा अहवाल चुकीचा आहे. मुलांनी मी शिकवलं तेच केलं. मी वाचायला शिकवलंच नाही, नुसतं दाबायला शिकवलं. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "बरं झालं आज सांगितलंत. सोमवारी बंदचा आदेश निघणार होता."

विभागप्रमुखांनी नेमणुकीचा कागद उचलला आणि परत फाईलमध्ये सरकवला. "पुढच्या वर्षी बघू."

मी समोरच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसलो. जुन्या अहवालाच्या शेवटच्या पानावर माझी सही होती. तिथवर कोणी पान उलटलं नाही, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

शनिवार-रविवार मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी मी प्रयोगशाळेत जाऊन मागच्या बाकावर बसलो. मुलं माना वळवून बघू लागली. बाईंनी माझ्यासमोर तोच तक्ता उघडला, मिनिटांचा रकाना निवडायला लावला आणि क्रमाने लावा म्हणाल्या. खिडकी आली.

"वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. मग वरचं टिंब निवडलं, आणि सगळी घरं आपापली मिनिटं घेऊन हलली.

मी उठलो.

"कुठे निघालात?"

"विभागप्रमुखांकडे. न वाचता सही मी केली होती, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही."

बाईंनी पट्टी उचलली. आपटली मात्र नाही.

"आधी सेव्ह करा," त्या म्हणाल्या, "आणि मग जा."