मावशींची खोली आणि चहूकडे बघणारा कॅमेरा

मावशींची निराधार पेन्शन माझ्यामुळे बंद पडली. हे आधीच लिहून टाकतो, नाही तर पुढच्या गमतीजमतीत ते राहून जाईल, आणि ते राहून जावं असं मला आतून वाटतंही.

मावशी म्हणजे मी ज्या शाळेत वीस वर्षं शिकवलं, तिथे पूर्वी खिचडी शिजवणाऱ्या बाई. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळहून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, त्यांचं गाव. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बुद्धविहाराच्या मागे एक खोली आणि पुढे अंगण. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी मला अड्याळला गाठलं आणि पदराच्या गाठीतून एक छापील कागद काढला.

"गुरुजी, हे वाचून सांगा जी."

मी वांगी निवडत होतो. वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणालो, "असे कागद सगळ्यांनाच येतात मावशी. ठेवून द्या."

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की सगळी कागदपत्रं नव्यानं दिली नाहीत तर पेन्शन थांबेल. मी सांगितलं म्हणून मावशींनी कागद ठेवून दिला. पेन्शन थांबली. हे मला कळलं तोवर रोवणा, म्हणजे भाताची लावणी, संपत आला होता, आणि सत्तरीच्या मावशी वाकून वाकून दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला जाऊन आल्या होत्या.

सरळ माणूस असता तर दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन कचेरीत गेला असता. मी गेलो नाही. माझी चूक मोठी होती, म्हणून तिची भरपाईही मोठी असायला हवी, असं मला वाटलं.

शाळा सोडल्यापासून मी भंडाऱ्यात एका लहानशा संस्थेत काम करतो. तेव्हा संस्थेकडे पुण्याच्या देणगीदारांनी एक कॅमेरा पाठवला होता. उभा केला की तो एकाच वेळी चहूकडचं टिपतो. सोबत एक जाडजूड चष्मा. तो डोळ्यांवर चढवला की बघणारा थेट त्या घरात जाऊन बसतो. मान वळवली तर मागची भिंतही दिसते. ज्यांची पेन्शन किंवा राशन कापलं गेलं, त्यांच्या घरात साहेब लोकांना असं बसवायचं, ही आमची योजना. यादीतून नावं खोडणं सोपं असतं, पण त्या नावाच्या घरात पाच मिनिटं बसल्यावर ते अवघड जाईल, असं मी बैठकीत म्हणालो. पहिलं नाव मी मावशींचं सुचवलं. कारण सांगितलं नाही.

मावशींना फोन करून सांगितलं, "परवा आम्ही येतो. तुमचं घर साहेब लोक बघणार आहेत."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की खुर्च्या एका घरून येतात, कपबशा दुसऱ्या, पडदे तिसऱ्या. त्यात फसवाफसवी नसते. एका घरची लाज ती मोहल्ल्याची लाज, एवढंच. मी याच भागात वाढलो. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी आमच्या घरातलं घड्याळ शेजारच्यांचं होतं. तरीही मला सुचलं नाही.

कॅमेरावाल्या ताई नागपूरहून आल्या होत्या. आम्ही दारात पोचलो तर आत सोफा. सोफ्यावर मखमली चादर, कोपऱ्यात कूलर, भिंतीला टेकवलेला टीव्ही, आणि मधोमध मावशी, कोणाची तरी जरीकाठी साडी नेसून, घाम पुसत.

"हे काय?" मी विचारलं.

"साहेब लोक येनार म्हनले न तुमी," शेजारीण म्हणाली. "मंग बसतीन कोठी? तुमच्या डोक्शावर?"

"साहेब इथं येणार नाहीत. चष्म्यातून बघतील."

"पाहतीन त खरं न. मंग झालं त!"

सामान हलवायला सांगावं, तर मावशींच्या तोंडाकडे बघवेना. शिवाय बोलणाऱ्या माणसाकडेच बघणारा बघतो, अशी माझी समजूत. चहूकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यावर मी तीन गावांत भाषणं दिली होती, आणि मनात मात्र फोटो स्टुडिओच घेऊन फिरत होतो.

कॅमेरा सुरू झाला की सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं असतं. पण मला मावशींचं बोलणं ऐकायचं होतं. मी कॅमेऱ्यामागच्या त्यांच्या खाटेखाली शिरलो. तिथून मला त्यांचा आवाज येत होता. रोवणा, पाठीतली कळ, दुधाशिवायचा चहा, सगळं त्यांनी न रडता सांगितलं. खाटेखाली मी रडलो.

तालुक्याच्या कचेरीत अधिकारी साहेबांनी चष्मा चढवला. भला माणूस. खुर्ची फिरती होती, आणि घात तिनंच केला. मावशी समोर बोलत होत्या, आणि साहेब हळूहळू डावीकडे वळत होते.

"कूलर चांगला आहे," ते म्हणाले. आणखी वळले. "टीव्ही माझ्याकडच्यापेक्षा मोठा आहे." पूर्ण मागे वळल्यावर थबकले. "खाटेखाली कोण आहे? पाय दिसताहेत."

"माझे आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही यांचे कोण?"

"कोणी नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मग फाइलीवर लिहिलं: घरी जाऊन चौकशी करावी, घरात पुरुष राहतो काय तेही पाहावे.

म्हणजे आता पेन्शन नुसती थांबलेली नव्हती, कायमची जाण्याच्या बेतात होती. गावात जाऊन मी बायांना सांगितलं की सोफ्यानं घात केला.

"मंग गरीब दिसाचं होतं, असं आंधी सांगाले काय झालतं?" शेजारीण भडकली. "आमी का सपनात पाहून राहिलो? जा तुमी. करतो आमी बराबर."

हे ऐकून मी निश्चिंत झालो. मी कधी निश्चिंत व्हावं आणि कधी होऊ नये, हे मला अजून जमलेलं नाही.

चौकशीला तलाठी मॅडम आल्या. पदाचं नाव आता बदललं आहे, पण गाव तलाठीच म्हणतं. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. खोलीत काहीही नव्हतं. सोफा नव्हता, तशी खाटही नव्हती. चूल नाही, भांडं नाही, दोरीवर एक फडकं नाही. बायांनी बराबर केलं होतं. मोकळ्या फरशीवर फक्त मावशी उभ्या होत्या.

"मावशी, तुम्ही इथं राहता?" मॅडमनी विचारलं.

"राहतो न जी."

"झोपता कुठं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"स्वयंपाक कुठं करता?"

मावशींनी चुलीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मॅडमनी पेन काढलं. "म्हणजे राहणं-जेवणं दुसऱ्या कोणाकडे आहे. मग निराधार नाही, असं लिहावं लागेल."

तेव्हा माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं: वांगी, तिसरी ओळ, रोवणा, चष्मा, सोफा, पाय. चूक माझी आहे, लिहायचं तर माझ्यावर लिहा, असं म्हणून मी हातसुद्धा जोडले.

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. "गुरुजी, यात तुमच्यासाठी रकाना नाही," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा, उजेड येत नाही."

मी बाजूला झालो. मावशी मात्र अस्वस्थ दिसत होत्या, पण पेन्शनसाठी नव्हे. मॅडम येऊन दहा मिनिटं झाली होती आणि घरात पाणीसुद्धा विचारलं गेलं नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना. त्या अंगणात गेल्या आणि मोठ्यानं ओरडल्या, "अवो बायांनो! माहे कप कोनाघरी हायेत? मॅडम आल्या, चाय नाही झाली अजून! आना वो लवकर!"

मग समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली, पदराखाली चार कप. मागून चूल घेऊन दुसरी. खाट दोघींनी आणली. मग एक गोधडी, दोन लुगडी, तवा, पिठाचा डबा, मीठमिरची. प्रत्येक वस्तू दारातून आत येताना मॅडम बघत होत्या आणि लिहीत होत्या. शेजारणीनं घाईत स्वतःचा कुकरही आणला.

"हा माहा नोहोय," मावशी म्हणाल्या. "ने वापस. आता काहून घोळ करतं?"

"राहू दे न वो, चांगला दिसते."

"ने म्हनलं न!"

शेवटी गोळ्यांची एक पट्टी आली. मॅडमनी ती हातात घेतली. "एक सोडून एक गोळी का काढली आहे?"

"बीपीची होय. एक दिवस खातो, एक दिवस राहू देतो. तेवढीच पुरते जी."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यालाही नाही.

मग सामान येणं थांबलं. खोली भरली म्हणावी तर चारही भिंती तशाच मोकळ्या. मॅडमनी विचारलं, "झालं? आणखी काही राहिलं कोणाकडे?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "नाही जी. एवढंच होय."

मॅडमनी लिहिणं पूर्ण केलं, मावशींचा अंगठा घेतला, कोणते कागद राहिलेत ते सांगितलं आणि चहा पिऊनच उठल्या. कागद घेऊन मी मावशींसोबत कचेरीत गेलो. रांगेत उभं राहायला एक सकाळ लागली. फक्त एक सकाळ. घरी येताना बसमध्ये मी हे चारदा म्हणालो असेन, कारण मावशींनी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे मिटून घेतले.

धान कापणीला आला तेव्हा त्यांचा फोन आला.

"गुरुजी, पेन्शन चालू झाली."

मला लगेच पुढचं सुचलं. "मावशी, हेच लोकांना दाखवायला पाहिजे. बाया सामान घेऊन आल्या तसं. या वेळी मी खाटेखाली राहणार नाही. ताईंना बोलावतो, कॅमेरा आणतो, आणि—"

"गुरुजी," मावशी म्हणाल्या, "आता तुमी काई करू नोका."

मग त्यांना माझी दया आली असावी.

"चाय प्याले या जी. पन रिकाम्या हातानं या."