मातीच्या बैलाचं कुंकू

पोळ्याला ओल्या मातीचा वास आला, की निजामाच्या काळातली जुन्या जालन्यातली ती खोली आठवते. शेजारच्या फोटोवाल्या काकांकडे मी काम शिकायला जायचे. ते मातीचा बैल गव्हाच्या दाण्याएवढा सरकवायचे, कॅमेऱ्यानं एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायचे. पडद्यावर तो चालणार होता. महायुद्धामुळे फिल्म मिळत नव्हती, होती तेवढ्यातच भागवायचं होतं.

पोळ्याच्या सकाळी मी सवयीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. घाईनं पुसायला गेले, तर सगळं तोंडच लाल झालं; आधीच्या चित्रांशी ते आता जुळणार नव्हतं.

काकांनी कॅमेऱ्यावर झाकण घातलं. मग म्हणाले, "चालून राह्यल्ता गं पोरी. तू त्याचा देव केला. आता कसा चालंल?"

पहिल्यापासून पुन्हा करायला फिल्म मिळाली नाही. आता पोळ्याला नातवंडं मातीच्या बैलासाठी कुंकवाची वाटी पुढे करतात. मी म्हणते, "तुम्हीच लावा."