वाघजाईचा उलटा फेरा

शालूबाईंना उलटं चालता येतं हे गावाला कळलं ते गेल्या माघात. त्याआधी पंचावन्न वर्षं त्या तुमच्याआमच्यासारख्याच सरळ चालत होत्या, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

गाव लोणावळ्यापासून तासाभरावर, धरणाच्या पाण्याला लागून. गावाच्या पुढे एक टेकडी पाण्यात घुसलेली, टेकडीच्या माथ्यावर वाघजाई. वन खात्याने टेकडीला आणि भोवतीच्या रानाला पक्षी अभयारण्य केलं, आणि पाण्याच्या कडेकडेने टेकडीला वळसा घालून परत फाटकाशी येणारी तीन किलोमीटरची वाट आखली. पाटी लावली : 'किनारा निसर्ग पायवाट. सोपी.' पाटी रंगवणाऱ्याचा हात अलिबागकडच्या हॉटेलांवर बसलेला. त्याने सवयीने दोन नारळ, एक होडी आणि एक लालभडक खेकडा काढून दिला. मावळात समुद्र नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि खेकडा इतका झकास उतरला होता की पुसायला कुणाचा हात धजावला नाही.

या वाटेवर लोकांना फिरवायला गावातलंच माणूस हवं होतं. शालूबाईंना तीन महिन्यांसाठी ठेवलं. खात्याने खाकी शर्ट दिला, साडीवरून घालायचा, आणि छातीवर लावायला बिल्ला दिला : 'शालूबाई, मार्गदर्शक'. आता हे तुम्हाला मला किरकोळ वाटेल. पण ही बाई जन्मभर कुणाची लेक, कोंडाजीची बायको, संदेशची आई अशीच ओळखली गेलेली. स्वतःचं नाव तिने छापलेलं पाहिलं ते फक्त रेशनकार्डावर, तेही चुकीचं. पहिल्या दिवशी तिने बिल्ला पदराने इतक्यांदा पुसला की 'मार्ग' फिका झाला. हे काम कायमचं व्हावं असं तिला जितकं वाटत होतं, तितकं आयुष्यात दुसरं काही वाटलं नव्हतं. कोंडाजीशी लग्न व्हावं असंसुद्धा नाही, हे ती कोंडाजीच्या तोंडावर सांगे.

अडचण एकच होती. बाण.

वनरक्षक तन्वीर, लोणावळ्याचा पोरगा, कामाला चोख. सकाळचं ऊन पाठीशी असलं की पक्षी नीट दिसतात, म्हणून त्याने वाटेवर अठरा बाण ठोकले ते टेकडी डाव्या हाताला ठेवून. म्हणजे देवी डाव्या हाताला. शालूबाईंनी कपाळाला हात लावला.

"तन्वीरभाऊ, आख्खी टेकडीच देवी हाय. देवीला उजव्या हाताला ठिऊन फेरा घालत्यात. उलटा फेरा फकस्त मढ्याभवती."

"मावशी, नकाशा मंजूर होऊन आलाय. आता बाण हलवायचे तर वरून लेखी हुकूम लागतो."

"मग तुज्या हुकमाला म्हनावं, यिऊन बघ माजी म्हातारी सासू. सत्तर वर्सं टेकडीवरनं जळनाची फाटी आनली, पन एक दिस देवी डाव्या हाताला घेतली न्हाई."

यावर तन्वीरने अडीच महिने एकच उपाय केला. शालूबाई पाहुण्यांना घेऊन बाणांच्या विरुद्ध निघाल्या की तो मान वळवून खंड्या बघायचा. पाहुण्यांना काय, ते आपले चिक्की खात मागून चालत. पाणकावळे दिसत, बगळे दिसत, नशीब असलं तर शेकरू दिसे.

मग पुण्याहून निरोप आला. मोठे साहेब तपासणीला येणार. शालूबाईंबरोबर वाट चालणार, आणि त्यावर बाईंना कायम करायचं की नाही ते ठरणार. तन्वीर गंभीर चेहरा करून आला.

"मावशी, बाणाप्रमाणेच चालायचं हं. साहेबांनी स्वतः परिपत्रक काढलंय, बाणाविरुद्ध कुणी जायचं नाही."

शालूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणजे जेवल्या, पण तोंडात चव नव्हती. काम सोडवत नव्हतं आणि देवीला दुखवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंगण झाडता झाडता त्या मागे मागे सरकत होत्या, आणि मध्येच थांबल्या. तुळशीवृंदावन डाव्या हाताला असायला हवं होतं, ते उजव्या हाताला होतं. झाडू टाकून त्यांनी तुळशीभोवती पुन्हा तीच चाल करून पाहिली. चालत होत्या उलट्या दिशेने, पण पाठमोऱ्या, म्हणून तुळस सारखी उजवीकडे!

आठवडाभर सराव चालला. कोंडाजी सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसत आणि बायको मागे मागे गोठ्यापर्यंत जाताना बघत. "हिला कुटं बाहीरचं काय लागलं न्हाई ना?" असं त्यांनी शेजारच्या बजरंगला हळूच विचारलं. शेळीला मात्र हा प्रकार फार आवडला. ती शालूबाईंच्या समोर तोंड करून निघे.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब उंच, टोपीवाले, गळ्यात दुर्बीण. बरोबर कचेरीतले दोघे वह्या घेऊन. शालूबाईंनी नमस्कार केला, साहेबांकडे तोंड केलं आणि तशाच मागे चालू लागल्या.

"बाई, पुढे बघा की," साहेब म्हणाले.

"पावण्याकडं पाठ करायची न्हाई, साहेब. आमच्यात रीत न्हाई."

साहेब एकदम खूश. कचेरीतल्या दोघांनी 'आतिथ्यशील' असं लिहून घेतलं, एकाने चुकवून. तन्वीरने मात्र डोळे मिटले, कारण मावशींच्या मागोमाग त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाताना त्याने त्यांची पाठ पुष्कळदा पाहिली होती.

पण बाई चालल्या हो! दगड न दगड टाचेला पाठ. मागे न बघता खांद्यावरून अंगठा करून सांगत, "त्या वाळल्या झाडावर पाणकावळा पंख वाळवतोय," आणि तो असायचा. वाटेत एकदाच घोटाळा झाला. बजरंगची म्हैस आडवी उभी होती आणि तिचं नाव नकाशात नव्हतं. शालूबाई थेट तिच्यावर आदळल्या आणि न बघताच म्हणाल्या, "जरा सरका, मोठे साहेब आल्यात." म्हैस सरकली. साहेबांनी मान डोलावली.

दोन किलोमीटर झाले. वळणावरून माथ्यावरचं देऊळ दिसू लागलं. साहेबांनी बूट काढले, हात जोडले. मनुष्य भाविक निघाला.

"जागृत आहे म्हणतात. हिला प्रदक्षिणा कुठून घालतात?"

शालूबाईंची पंचाईत झाली. खोटं बोलावं तर देवी समोर, खरं बोलावं तर साहेब समोर. "हीच की साहेब, ही वाट. समदी टेकडीच देवी हाय."

साहेबांनी टेकडीकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे आपण उलटी घालतोय?"

"तुमी व्हय," शालूबाई म्हणाल्या. "मी न्हाई."

एवढं बोलून त्यांना वाटलं, संपलं. आता बिल्ला काढून द्यायचा. पण साहेब बूट हातात घेऊन उभेच. "बाई, पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न आहे हो."

"मग फिरा माघारी, साहेब. उलटं घातलेलं सुलटं व्हईल."

"परिपत्रक माझंच आहे ना!"

मग साहेबांनी बूट घातले, दुर्बीण पाठीवर टाकली आणि हळूच पाठमोरे झाले. साहेब पाठमोरे झाल्यावर कचेरीतल्या दोघांना सरळ चालणं शक्यच नव्हतं.

"मावशी, मी सरळ चालू ना?" तन्वीरने विचारलं.

"तू सरळच चाल बाबा. कुनीतरी म्होरं बघाया पायजे."

"आणि आधीच्या दोन किलोमीटरचं काय?" साहेबांनी काळजीने विचारलं.

"त्ये मी सांगते तिला. म्हनते, साहेब नवं हायेत."

शेवटचा किलोमीटर तन्वीर पुढून ओरडत होता, "डावीकडे शेण!" पण त्याची डावी ती यांची उजवी, त्यामुळे शेण कुणालाही चुकलं नाही. फाटकाशी गाव जमला होता. सरपंच अनिताताई हार घेऊन उभ्या, आणि साहेब येतात ते पाठीकडून! ताईंनी दोनदा पवित्रा बदलला आणि शेवटी हार मागूनच घातला, तो दुर्बिणीत अडकला.

साहेबांनी पाणी पिऊन बुटांचं शेण पुसलं आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा लिहायला घेतला. शालूबाईंना तो लिहिणारा हात बघवेना. कागद तन्वीरच्या हातात ठेवून साहेब गेल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "वाच. जे आसंल त्ये वाच."

तन्वीरने वाचलं : "पायवाटेवर दिशेबाबत गंभीर त्रुटी आढळली. बाई कायम ठेवाव्यात. बाण बदलावेत."

"परत वाच," शालूबाई म्हणाल्या.

त्याने तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी त्या फाटकाशी खाली बसल्या आणि आनंदाने हमसून हमसून रडल्या, आणि कोंडाजींना बायको रडताना बघायची सवय नसल्यामुळे तेही रडले. तन्वीर मात्र हातोडी शोधत होता. अठरा बाण उपटून फिरवायचे म्हणजे दिवस मोडणार होता. शालूबाईंनी डोळे पुसले, खिळ्यांचा डबा उचलला आणि त्याच्या पुढे निघाल्या.