मास्कला हो म्हणणारी माणसं

मी नाशिकच्या एका दवाखान्यात झोपेच्या तपासणीची टेक्निशियन. माणसं झोपतात आणि त्यालाच मी नोकरी म्हणते, असं आमच्या ह्यांचं मत! किस्से मी गोळा करत नाही. पेशंट चपला काढता काढताच एखादा सांगून मोकळे होतात.

झोपेत श्वास अडतो, हार्टवर ताण येतो, हे डॉक्टर जीव तोडून सांगतात. उपाय एकच, रोज नाकातून हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं. तरी कित्येकजण "बघू" म्हणून जातात ते जातातच. त्या "बघू"ची मला फार धास्ती वाटते. काही मात्र परत येतात, आणि त्यांची कारणं डॉक्टरांच्या पुस्तकात नसतात.

*

सातपूरचा एक फिटर. सिग्नलला बाईक थांबवली, दोन्ही पाय टेकले आणि झोपला! सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा. शेवटी मागच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि खांद्याला हात लावून म्हणाला, "दादा, घर आलं!"

तो तडक आमच्याकडे. "मॅडम, हेल्मेट घालतोच की रोज. मास्क काय जड आहे?"

*

सटाण्याचे आप्पा. कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या डुलकी लागली, मान खाली गेली. व्यापाऱ्याला वाटलं, भाव मान्य!

"मी जागा नई व्हतू! मनी मान हालनी, नि तो म्हने सौदा पक्का शे!"

पण आप्पांनी दिलेला शब्द फिरवला नाही. झोपेत दिला असला तरी! कांदा त्याच भावाने दिला आणि दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन गेले.

*

मळेवाले नाना. फुलांची शेती. "मी घोरतच नाय," यावर ठाम. सुनेने मोबाइलवर रेकॉर्डिंग करून आणलं आणि आमच्यासमोर लावलं.

नाना कान देऊन ऐकत राहिले. "कुणाचा पंप हाय हा? बिघाडलाय!"

"नाना, तुम्हीच आहात."

नाना सोबत आलेल्या नानींकडे वळून म्हणाले, "आन् तू इतकी वर्सं याच खोलीत झोपती?"

*

एक शिक्षिका, गायकवाड बाई. विहारात ध्यानाला बसल्या की तासभर हलायच्या नाहीत. सगळे म्हणायचे, बसावं तर बाईंसारखं!

तपासणीचा रिपोर्ट आल्यावर पुढच्याच रविवारी बाई विहारात उभ्या राहिल्या आणि भर सभेत म्हणाल्या, "मी ध्यानात नव्हते, झोपेत होते. तो आजार आहे. तुमच्यात अजून कुणाचं ध्यान इतक्या लवकर लागत असेल, तर तपासून घ्या!"

त्या आठवड्यात विहारातले चौघे आले. एवढं धाडस माझ्यात नाही, खरंच सांगते.

*

आणि देवळाली कॅम्पचे सुभेदार. रिटायर्ड, मिशा कडक. दोनदा रिपोर्ट घेऊन गेले, दोनदा नकार. "तोंडाला नळी लावून झोपू? मी काय आजारी आहे?" श्वास तर इतका अडत होता की डॉक्टरसुद्धा काळजीत पडले होते.

तिसऱ्यांदा काकू सोबत आल्या. मी सहज विचारलं, "काकू, घोरण्याचा तुम्हाला त्रास होत असेल ना?"

"घोरण्याचा नाही गं. ते घोरतात तोवर मी निवांत असते. घोरायचे थांबले की उठून बसते. नाकाशी हात धरते. श्वास लागला हाताला, की मग आडवी होते."

"कधीपासून?" सुभेदारांनी विचारलं.

"तुम्ही रिटायर होऊन घरी आलात तेव्हापासून."

सुभेदारांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. मग मला म्हणाले, "मास्क कसा बांधायचा, दाखवा."

महिन्याने दोघं परत आले. मशीनच्या नोंदीत एक दिवस खाडा नाही! मी काकूंना म्हटलं, "आता तुमचीही झोप होत असेल."

"होते की. पण सवयीने हात जातोच मेला, आणि त्या मास्कवर आपटतो. बरं, ह्यांना पत्ताही लागत नाही."

काकू पाणी प्यायला बाहेर गेल्या. सुभेदार मास्कचे पट्टे नीट गुंडाळत हळूच म्हणाले, "जाग येते मला. मी हलत नाही."