नावावरची पट्टी

"आधी नाव झाका."

एक्स-रे वाळून टेबलावर आला की साहेबांचं पहिलं वाक्य हेच. मग मी खाकी कागदाची एक पट्टी कापायची, फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव आणि तारीख तिच्याखाली झाकायची आणि मगच फिल्म दिव्याच्या पेटीवर लावायची. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस जरा सटकलेला दिसतो. पेशंटचं नाव न बघता डॉक्टर कसला?

एकदा विचारलंच. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, नाव दिसलं की हात मऊ पडतो. ओळखीचा असला तर दुखणं कमी दिसतं, भांडखोर असला तर जास्त."

तुमच्यापैकी कुणी त्या काळात पाठीच्या दुखण्यासाठी नागपूरला आलं असेल, तर साहेबांना नक्की पाहिलं असेल. उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी पितळी कर्कटक. शाळेतल्या कंपासपेटीत असतं तसंच, फक्त दोन्ही टोकं सुईसारखी. त्यानं ते सावल्या मोजायचे.

मज्जारज्जू साध्या एक्स-रेत दिसत नाही. कमरेत सुई घालून एक जड तेल सोडायचं, पेशंटला टेबलाला पट्ट्यांनी बांधायचं आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवायचं. तेल पाठीतून वर सरकायचं आणि दोन्ही बाजूंच्या तेलामध्ये रज्जूची सावली उमटायची. ती सावली किती रुंद, हे साहेब कर्कटकात धरून मोजपट्टीवर वाचायचे. एखाद्याचा रज्जू आतून सुकत चालला असेल, तर सावली वर्षागणिक बारीक होते. म्हणून जुन्या आणि नव्या फिल्म एकत्र पिसायच्या, सगळ्यांची नावं आणि तारखा झाकायच्या आणि मग मोजायचं. कुठली आधीची, कुठली नंतरची, हे साहेबांना ठाऊक नसायचं. मोजून झालं की मी पट्ट्या उचलायच्या.

साहेब माझ्याशी अगदी पुस्तकी बोलायचे. त्यांचा धाकटा भाऊ दारात दिसला, की ते पुस्तक मिटायचं.

"काहून रे बाल्या, उशीर काहून केला?"

"एष्टी बंद पडली ना गा दादा. ढकलून राहिलो होतो."

"तू ढकलत होता?"

"मी आत बसून होतो. बाकीचे ढकलून राहिले होते."

बाल्या कळमेश्वरकडचा संत्र्याचा बगीचा सांभाळायचा. आईवडील लवकर गेले, याला साहेबांनीच वाढवलेलं. बोलका, हसरा, माझ्या टाइपरायटरवर न विचारता संत्री ठेवणारा. चाळिशीच्या आतच त्याचे पाय जड पडू लागले होते आणि हातात काठी आली होती. पाठीत तेल एकदाच घातलं होतं. ते पाठीतच राहतं, पुढच्या खेपेला टेबल झुकवलं की पुन्हा चढतं. म्हणून दरवर्षी संत्र्याचा हंगाम आटपला की तो यायचा, टेबलावर उलटा लटकायचा आणि खाली उतरला की विचारायचा, "दादा, दोरी किती उरली?"

साहेब म्हणायचे, "आहे अजून." आणि तोंड फिरवायचे. दोरी दरवर्षी बारीक होत होती. त्यावर इलाज नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. साहेबांना फक्त एकदा तरी ती थांबलेली बघायची होती.

मग दवाखान्यात नवं टेबल आलं. झकपक, बटणावर झुकणारं. त्या वर्षी बाल्याच्या फिल्म पिसून, झाकून मी साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी सगळ्या मोजल्या. एक सावली बाकीच्यांपेक्षा रुंद निघाली. "ही सगळ्यात जुनी असणार," ते म्हणाले. मी पट्टी उचलली. ती त्याच आठवड्यातली होती.

साहेबांनी परत मोजलं. परत मोजलं. मग जिना उतरून गेले आणि संत्राबर्फीचा डबा घेऊन आले. इतक्या वर्षांत त्यांनी साधा चहासुद्धा कुणाला स्वतःहून पाजला नव्हता. त्या दिवशी झाडूवालीपासून सगळ्यांना बर्फी. बाल्याला म्हणाले, "थांबली रे. उलट सुधारून राहिली."

त्यानंतर बाल्या आला तो काठीशिवाय. साहेब दारात उभे राहून त्याचं चालणं बघत होते आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी मात्र खिडकीतून पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर त्यानं काठी ठेवायला दिली आणि भिंत धरत धरत आमच्या जिन्यापर्यंत आला. मी गप्प राहिले. तुम्हीही राहिला असता.

पुढे हिंगण्याच्या कारखान्यातला एक जुना पेशंट आला. साहेबांनी त्याच्या फिल्म मोजल्या आणि कर्कटक हातातच राहिलं. रज्जू तर रुंद झालाच होता, पण मणकेही रुंद झाले होते. पन्नाशीच्या माणसाचे मणके वाढत नाहीत. त्यांनी मला नव्या टेबलावरच्या आणखी फिल्म काढायला लावल्या. अख्ख्या विदर्भाचे मणके त्या वर्षी वाढले होते. नव्या टेबलात फिल्मचा खण पेशंटपासून जास्त खाली होता, म्हणून सावली मोठी पडत होती. एवढंच.

त्यांनी बाल्याचा मणका मोजला आणि त्या हिशेबानं रज्जू पुन्हा मांडला. तो आधीच्या वर्षापेक्षाही बारीक होता.

"नाव झाकलं बाई," ते म्हणाले, "टेबल झाकायचं राहिलं."

बाल्याला त्यांनी बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं. मी उठायला लागले, तर हातानंच बसा म्हणाले. एकट्यानं सांगायची हिंमत नसावी.

बाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले माहीत होतं गा दादा. चप्पल पायातून निसटते, मागून लोक आवाज देतात तवा मले समजते."

"मग बोलला काहून नाही?"

"तू बर्फी वाटून राहिला होता ना."

साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाल्या मला म्हणाला, "बाई, पानठेल्यावरून माझी काठी मागवता का?"

त्यानंतर तो दोन हंगाम आला, दुसऱ्यांदा खुर्चीवर उचलून आणलेला. मग त्याच्या छातीत कफ साठला आणि तो गेला. तेराव्यानंतर साहेब दवाखान्यात आले, आले ते "आधी नाव झाका" म्हणतच. मला त्यांचा राग आला होता. वाटलं, हा माणूस आहे की टेबल?

काही वर्षांनी एक विक्रेता कॉम्प्युटरच्या नव्या मशीनची माहितीपत्रकं घेऊन आला. शरीराचे आडवे काप दाखवणारं मशीन. म्हणाला, "सर, पुढे हे स्वतःच रज्जू मोजेल. वर्षावर्षाचा फरकही सांगेल."

साहेबांनी विचारलं, "मोजताना पेशंट कोण, ते त्याला कळतं?"

"नाही सर. त्याला काय कळणार!"

"सुखी आहे," साहेब म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी बाल्याच्या सगळ्या फिल्म काढायला लावल्या. मी सवयीनं खाकी कागद आणि कात्री घेऊन आले.

"नको. असतील त्या पट्ट्याही काढा."

मी नखानं एकेक पट्टी सोडवली आणि फिल्म ओळीनं पेटीवर लावल्या. कर्कटक त्यांच्या खिशातच होतं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा दिसत नसे.

"नाव वाचा, बाई."

मी वाचलं. फिल्मवर त्याचं शाळेतलं पूर्ण नाव होतं. मधलं वडिलांचं नाव आणि आडनाव साहेबांचंच.

"पुढची."

मी तेच नाव वाचलं. मग त्याच्या पुढचीवर तेच. शेवटच्या फिल्मपर्यंत माझा आवाज पुरला नाही. तेव्हा उरलेली नावं साहेबांनीच, न बघता, म्हटली.